खुर्चीमागची खुर्ची

बैठक असली की सकाळी साडेनऊपासून मी घरातले आवाज बंद करत सुटायचे. आधी पंखा, कारण त्याची घरघर माइक उचलतो. मग गल्लीकडची खिडकी. समोरच्या शेडमधले माग सुरू झालेले असतात आणि दिल्लीतल्या माणसाला वाटतं, बाई गिरणीत बसून बोलते की काय. शेवटी स्वयंपाकघर. तिथे माझी भावजय शेंगा भाजून, सोलून तयार बसलेली असते.

"वन्सं, मिक्सर लावू का? शेंगा गार झाल्या की."

"बारा वाजेपर्यंत न्हाय."

"मग उखळात कुटते."

"आणि उखळाचा आवाज दिल्लीला जात न्हाय व्हय?"

ती कपाळाला हात लावते. तिचंही खरं आहे. निवृत्त होऊन नणंद माहेरी आली, ती आता देवळात जाईल, कुठल्या तरी भजनी मंडळात टाळ वाजवील, अशी तिची साधी अपेक्षा होती. त्याऐवजी नणंद वरच्या खोलीत काठाची साडी नेसून बसते आणि घरातल्या माणसांना चटणीसुद्धा कुटू देत नाही.

वरच्या खोलीत कपाटावर मी पांढरी चादर अडकवली आहे. पाठीमागे घर दिसू नये, कोरं काही तरी असावं, अशी सूचना आहे. आमच्या गावात चादरींना तोटा नाही, पण बिननक्षीची, निव्वळ पांढरी चादर मागितली तर दुकानदार आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. ती मला पुण्याहून आणवावी लागली. त्या चादरीसमोर बसून मी दोन देशांमधलं बोलणं इकडून तिकडे पोचवायचे. बैठका अर्थात दुय्यमच. मोठी, गुपचूप बोलणी अशी सोलापूरच्या माडीवर येत नाहीत. आपली मुलं तिकडे डॉक्टर व्हायला जातात, मंगळवेढ्याची, वैरागचीसुद्धा, त्यांची वसतिगृहं, त्यांच्या पदव्या, असले विषय. तिकडे म्हणजे मध्य आशियातला एक देश. नाव सांगत नाही, नोकरीची सवय आहे.

मी दुभाषी. लोकांना वाटतं, ही फार शिकलेली बाई. खरं सांगायचं तर माझं अर्धं शिक्षण आमच्या गल्लीत झालं. शेजारच्या विणकरांच्या घरात तेलुगू, कोपऱ्यावरच्या बेकरीत दखनी, अक्कलकोटची मावशी आली की कन्नड. वाटीभर साखर आणायला गेलं की दोन भाषा लागायच्या. पुढे पुण्यात रशियन शिकले, दिल्लीत नोकरी लागली, मग त्या देशात काही वर्षं काढून त्यांची भाषा शिकले. पण एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं आणि मधल्या मधे आपलं काही मिसळायचं नाही, हे मी बेकरीत शिकले. तिथे मिसळलं की भांडणं व्हायची.

हाच आमच्या धंद्याचा नियम. भर घालायची नाही आणि गाळायचं नाही. साहेब चिडून बोलला तर चिडकंच सांगायचं. माझ्या हाताखालच्या एका मुलानं एकदा आपल्या साहेबाचा कडक शब्द मऊ करून सांगितला. हेतू चांगला होता त्याचा. मी वर लेखी कळवलं आणि त्याची बदली कागदपत्रांच्या भाषांतराकडे झाली. सगळे म्हणाले, बाईला दयामाया नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला माझ्या कडकपणाचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

त्या काळी बैठक म्हणजे खोली असायची. लांब टेबल, एका बाजूला आपले साहेब, समोर त्यांचे, आणि प्रत्येक साहेबाच्या डाव्या खांद्यामागे एक खुर्ची. ती आमची. खुर्चीमागची खुर्ची. मेजवानीतसुद्धा आम्ही तिथेच. समोर पुलाव, भाजलेलं मांस, जर्दाळू, बदाम, आणि आमच्या तोंडात दुसऱ्याची वाक्यं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. घास घेतला आणि नेमका साहेब बोलायला लागला तर काय करणार, म्हणून आम्ही जेवायचोच नाही.

पण खोलीला खोलीचे गुण होते. काम टेबलावर अर्धं व्हायचं, उरलेलं अर्धं दाराशी, कोट अडकवण्याच्या जागेत. त्यांच्याकडे यजमान स्वतः पाहुण्याचा कोट धरतो. दोन दिवस अडलेला विषय मी त्या जागेत सुटलेला पाहिला आहे. त्यांच्या साहेबांनी आमच्या साहेबांचा कोट धरला, आमच्यांनी एक हात घातला, ते दुसरा घालत असताना त्यांचे साहेब म्हणाले, "उद्या तो कागद नव्यानं आणा, बघू." टेबलावर हे वाक्य ते मेले तरी बोलले नसते. टेबलावर बोललेलं दोन्हीकडे लिहून घेतलं जातं. कोट घालताना कोण लिहिणार?

ती मला अशाच एका मेजवानीनंतर भेटली. समोरच्या खुर्चीमागच्या खुर्चीत बसणारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं हिंदी पुस्तकी होतं. "कृपया आसन ग्रहण कीजिए" म्हणायची आणि आमचे साहेब लोक मिशीत हसायचे. मला त्यांचा राग यायचा. त्यांच्यातल्या एकाला तरी तिच्या भाषेतलं "बसा" येत होतं का? त्या दिवशी सगळे बाहेर पडताना तिनं रुमालात गुंडाळलेली गरम रोटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खा. मीही उपाशी आहे." आम्ही दोघींनी ती जिन्यात उभ्या उभ्या खाल्ली.

पुढच्या खेपेला मी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेले. कडक भाकरी महिनाभर टिकते, तिला विमानाचं काय. रुमाल पसरून मी भाकरी ठेवली. तिनं एकेक उलटी केली. तिच्या मुलखात रोटी पालथी ठेवणं अशुभ, आणि आमच्या भाकरीची पाठ कुठली नि पोट कुठलं हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. चुकीचं ठरवलं होतं. मी ती तशीच राहू दिली. चटणी खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं आणखी मागितली.

मी तिला आपा म्हणायचे. तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला जवळपास असंच म्हणतात आणि आमच्या बेकरीवाल्यांच्या घरीही आपाच म्हणत. दुसरं काही म्हणायची गरज पडली नाही. फोन नंबर घ्यायचा नाही, घरी जायचं नाही, पत्र लिहायचं नाही, हे दोन्ही कचेऱ्यांचे नियम. आमचं जे काही होतं ते जिन्यात, कोटांपाशी, हात धुवायच्या जागी. एकेक मिनिटाचं. तिचा नवरा लवकर गेला हे मला एका जिन्यात कळलं, माझं लग्न का मोडलं हे तिला दुसऱ्या. वीस-बावीस वर्षांतली सगळी मिनिटं जोडली तर एखादी दुपार भरेल, जास्त नाही. त्या एका दुपारीइतकी जवळीक मला आयुष्यात दुसऱ्या कुणाशी जमली नाही.

ती सारखी सोलापूरचं विचारायची. नदी आहे का, डोंगर आहेत का. मी म्हणायचे, ऊन आहे. एकदा त्यांचं शिष्टमंडळ पुण्याला आलं होतं आणि मधे एक दिवस मोकळा होता. तिनं मला विचारलं, "रेल्वेनं किती तास?" चार, म्हटलं. "तुझी आई भेटेल?" आई तेव्हा होती. फोनवर नेहमी विचारायची, "तुजी ती आपा कवा येनार गं? लई सांगत असतीस तिचं." माझ्या साहेबांना नुसतं विचारायचं होतं. फार तर नाही म्हणाले असते. पण नियमांवर बोट ठेवणारी बाई म्हणून माझी ख्याती. मीच कशी विचारू? मी विचारलं नाही, तो दिवस आम्ही पुण्याच्या हॉटेलात वेगवेगळ्या मजल्यांवर काढला, आणि दोन वर्षांनी आई गेली. त्या दिवसाची आठवण आली की आजही मला स्वतःचा संताप येतो.

मी निवृत्त होऊन सोलापूरला आले तेव्हा वाटलं, संपलं. मग सगळ्या बैठका पडद्यावर आल्या आणि जुन्या दुभाष्यांना पुन्हा बोलावणी आली. पहिल्या बैठकीत पडदा उजळला तर त्यांच्या जुन्या साहेबांच्या खांद्यामागे ती. केस पांढरे झालेले. मी सगळी बैठक नीट पार पाडली आणि नंतर खाली जाऊन भावजयीसमोर रडले. ती म्हणाली, "काय झालं वन्सं, कामावरून काढलं का काय?"

आपल्या बाजूचा अधिकारी तरुण होता, दिल्लीत बसायचा. हुशार, नम्र, मला मॅडम म्हणणारा. पण तो पडद्यावरच वाढला होता, त्याला खोली माहीत नव्हती. त्यांचे साहेब जुन्या वळणाचे. महत्त्वाचा प्रश्न आला की गप्प बसायचे, मिनिट-दीड मिनिट. खोलीत हे दिसायचं. हातातला पेला फिरवतात, खिडकीबाहेर बघतात, माणूस विचार करतोय हे शेंबड्या पोरालाही कळावं. पडद्यावर ते नुसते स्थिर दिसले. मुलांच्या एका तुकडीच्या अडकलेल्या पदव्यांचा प्रश्न होता. ते गप्प झाले आणि आमचा म्हणाला, "हॅलो? आवाज येतोय का? तुमचं नेट अडकलंय बहुतेक." म्हाताऱ्यांचा चेहरा मिटला. विषय पुढच्या बैठकीवर गेला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांब, ते हो म्हणणार आहेत. पण दुभाष्यानं स्वतःचं बोलायचं नसतं, आणि मी बोलले नाही.

तरी पडद्यावरही आम्हाला एक जिना सापडला होता. बैठक संपली की साहेब लोक पटापट निघून जायचे आणि आम्ही दोघी मुद्दाम मागे राहायचो. दिल्लीहून कुणी बंद करेपर्यंत एखादं मिनिट मिळायचं. एकदा मी लॅपटॉप उचलून खिडकीकडे फिरवला. पाण्याच्या टाक्या, शेडचे पत्रे, कडुनिंब, दोरीवरचे टॉवेल.

"हे तुझं सोलापूर?" ती म्हणाली.

"हेच."

"आणि नदी?"

"तलाव आहे. इथून दिसत नाही."

ती पडद्याकडे आणखी झुकली. मग म्हणाली, "तू म्हणायचीस तेवढं ऊन नाही." डिसेंबर होता, म्हणून तसं वाटलं. मी तिला मे महिन्यात दाखवणार होते.

त्याआधीच नवी सूचना आली. बैठक संपताच सर्वांसाठी एकदम बंद करायची, कुणी मागे रेंगाळायचं नाही. सुरक्षेसाठी. कुणी तरी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, पण सूचना ती सूचना. पुढच्या दोन बैठकांत साहेबांचा "धन्यवाद" संपला न संपला तोच पडदा काळा झाला. खोलीतून माणसांना असं एका बोटानं उठवून लावता येत नाही. मला त्या कोटांच्या जागेची इतकी आठवण यायची की अंगात ताप असल्यासारखं व्हायचं.

आणि मग ती बैठक. या वर्षीची, उन्हाळ्याच्या तोंडावरची. काम संपलं. त्यांचे साहेब शेवटची तीन वाक्यं बोलले: आभार, पुढची बैठक शरदात, सर्वांना आरोग्य लाभो. त्यांची भाषा मला येते, मी कानांनी ऐकली, तीनच. आपानं ती हिंदीत सांगितली. आणि मग, आवाजात जराही फरक न करता, ती पुढे म्हणाली, "महोदय असंही म्हणतात की आज आमच्या दुभाषी बाईंच्या कामाचा शेवटचा दिवस आहे. पुढच्या बैठकीपासून हे काम यंत्र करेल. त्या उत्तरेला, आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला जात आहेत. तुमच्या बाजूला ज्यांनी इतकी वर्षं त्यांच्या समोर काम केलं, त्यांना त्या धाकटी बहीण मानतात. हे त्यांना कळावं, अशी त्यांची इच्छा आहे."

महोदय यातलं काहीही म्हणाले नव्हते. महोदय पेनाला टोपण लावत होते.

मला पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. साहेबाच्या तोंडी आपले शब्द? यापेक्षा मोठं पाप आमच्या धंद्यात नाही. मग लक्षात आलं की तिच्याकडे दुसरी जागा उरली नव्हती. जिना नाही, कोट नाहीत, मागे राहायला मिनिट नाही.

तेवढ्यात आमचा तरुण अधिकारी बोलला. माणूस सभ्य, तो बोलणारच. "अरे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मॅडम, महोदयांना सांगा, आपल्या सहकारी बाईंना त्यांनी इतक्या आवर्जून निरोप दिला, याचा आम्हाला फार आदर वाटतो."

आता हे मला त्या म्हाताऱ्यांना सांगायचं होतं. शब्दाला शब्द सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मी कधी दिला निरोप? आणि शेवटच्या दिवशी, इतक्या वर्षांच्या कामावर, खोटारडी म्हणून शिक्का घेऊन ती त्या इमारतीतून बाहेर पडली असती. पडद्यावर ती माझ्याकडे बघत होती का, हे सांगता येत नाही. पडद्यावर नजर कुठे आहे ते कधीच कळत नाही.

मी त्यांच्या भाषेत म्हणाले, "महोदय, इतकी वर्षं आपल्या दोन्ही बाजूंचं बोलणं ज्यांनी सांभाळलं, त्या आपल्या मागे बसल्या आहेत. आज आम्हाला त्यांचे आभार मानायचे आहेत."

आमच्या अधिकाऱ्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, हे त्याचंच. कागदपत्रांकडे बदली झालेला तो मुलगा मला त्या क्षणी आठवला, आणि त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

म्हातारे गप्प झाले.

"मॅडम, अडकलं का नेट?"

"नाही," मी म्हणाले. "ते विचार करताहेत. थांबू या." बैठकीत स्वतःचं असं मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

म्हाताऱ्यांनी खुर्ची वळवली आणि मागे बघितलं. "आजच का?" त्यांनी तिला विचारलं.

"आज माझा शेवटचा दिवस आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं काही नव्हतं, महोदय."

त्यांनी हातातलं पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मागे का बसलात? पुढे या." तिनं आपली खुर्ची ओढत टेबलापाशी आणली. त्यांनी स्वतः किटली उचलून तिच्यासाठी चहा ओतला, पेल्याच्या तळाशी जेमतेम. त्यांच्याकडे काठोकाठ भरलेला पेला म्हणजे प्या आणि निघा. थोडा ओतला म्हणजे बसा, घाई नाही, मी पुन्हा ओतीन.

"काय म्हणताहेत?" आमच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"चहा देताहेत त्यांना."

"अच्छा. छान. मग आपण इथेच संपवू या," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला. त्यात माझा चेहरा आणि मागे पांढरी चादर. त्यांच्या खोलीत ती अजून बसलेली असणार, दुसऱ्यांदा चहा घेत असणार, आणि मला तिथे असायचं होतं. दुसरं काही नको होतं. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून तो तळाशी ओतलेला चहा प्यायचा होता. खाली जाऊन मी भावजयीला म्हणाले, लाव मिक्सर. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, उद्या लावते."

दुपारी आमच्या अधिकाऱ्याचा फोन आला. बैठकीचा वृत्तान्त लिहीत होता. पुढच्या वेळेपासून यंत्रच लिहील, हे शेवटचं हातानं, असं हसून म्हणाला. मलाही आता बोलावणार नाहीत, हे त्यानं न सांगता सांगितलं.

"मॅडम, तो निरोपाचा भाग वृत्तान्तात घेऊ ना? महोदय स्वतः बोलले आहेत, तर घ्यायला हवा. ते बोलले ते बरोबर पोचलं ना आपल्यापर्यंत?"

मी आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आले होते.

"बरोबर पोचलं," मी म्हणाले. "घ्या."

"मग त्यांचं नाव लागेल. दुभाष्यांची नावं आपण लिहीत नाही, त्यामुळे माझ्याकडे नाहीच. तुम्हाला माहीत आहे का?"

मी सांगितलं. तिचं, तिच्या वडिलांचं, तिच्या घराण्याचं. पहिल्या मेजवानीत तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचलं होतं. इतकी वर्षं आपा म्हणत आले, ते नाव मी तोंडानं कधी घेतलंच नव्हतं.

"मॅडम, पुन्हा एकदा सांगाल? सावकाश."

मी पुन्हा एकदा सांगितलं. सावकाश.